पाठकोऱ्या कागदांचे पाप

मित्रांनो, शाळेच्या वळणावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात शिरताच डाव्या हाताला जे जुने झेरॉक्स मशीन खोकत बसलेले दिसते, ते मीच. आज मी थोरवी सांगणार नाही. मनावर ओझे आहे, ते उतरवायचे आहे.

मी नवे होते तेव्हा माझी काच आरशासारखी लख्ख होती. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्या रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत, क्षणभर हात जोडत आणि मगच बटण दाबत. "अक्षर कसं मोत्यासारखं उठतंय," असे गिऱ्हाईक म्हणाले की मी फुलून जाई. दाखले, गुणपत्रिका, ओळखपत्रे, सगळे माझ्याकडे येई. लोक आपली सारी ओळख माझ्या काचेवर पालथी घालत आणि निर्धास्तपणे मोबाइल बघत उभे राहत.

पुढे माझे रूळ झिजले. प्रती तिरक्या निघू लागल्या. "म्हातारीला पुन्हा ठसका लागला," म्हणत मावशी बिघडलेली प्रत टोपलीत टाकत. एक बाजू कोरी असलेला कागद फेकणे त्यांना पाप वाटे. दुपारी निवांत वेळ मिळाला की त्या पाठकोऱ्या कागदांच्या निळ्या दोऱ्याने वह्या शिवत आणि कच्च्या कामासाठी गल्ल्याजवळ ठेवत. हवी त्याने फुकट न्यावी.

एक माणूस फार वह्या नेई. मावशींनी त्याचे नाव गोडबोल्या ठेवले होते.

"मावशी, तुमच्यासारखं मन हल्ली कुणाचं असतं का हो?"

"पुरे रे लोणी लावणं! घे, दोन ने."

तो दारात थांबून वही चाळी. कोरी बाजू नव्हे, मागची. मी पाहिले. एकदा नव्हे, दर खेपेला पाहिले.

एके दिवशी एक नर्स आली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून घराजवळच्या रुग्णालयातली नोकरी तिला हवी होती. तिचे प्रमाणपत्र मी दोनदा तिरके काढले, ओळखपत्र एकदा. मग कुठे नीट जमले. चांगल्या प्रती घेऊन ती घाईने गेली. वाया गेलेल्या तीन प्रती टोपलीत राहिल्या.

तीन महिन्यांनी ती परत आली, ती पांढरीफटक पडून.

"निवड झाली होती, मावशी. पण रुजू व्हायला गेले तर म्हणतात, या नोंदणी क्रमांकाची नर्स दुसऱ्या शहरात आधीच कामाला आहे. माझंच नाव, माझीच जन्मतारीख, फोटो तेवढा भलत्याच बाईचा. वर मलाच विचारतात, खरी तूच कशावरून?"

"अगं बाई! कागद कुठे कुठे दिले होतेस?"

"फक्त रुग्णालयात. आणि झेरॉक्स इथे काढली."

"इथून? काहीतरीच काय! कुणाचं चिटोरंही मी परक्याच्या हाती लागू देत नाही."

"बरं, राहू द्या. तक्रारीचा मसुदा करायचाय. कागद असेल तर द्या."

मावशींनी सवयीने निळ्या दोऱ्याची वही पुढे सरकवली. तिने चार ओळी लिहिल्या आणि पान उलटले. मागे कुणाचे तरी ओळखपत्र होते, फोटोसकट, तिरके. पुढच्या पानामागे एका मुलीची गुणपत्रिका, घरच्या पत्त्यासह.

"मावशी, हे काय आहे?"

मावशींचा हात गल्ल्यावरच थबकला. "पुण्य म्हणून वाटत होते गं, पोरी."

"माझं नाव वाटलंत तुम्ही."

मावशी उठल्या. उरलेल्या सगळ्या वह्या त्यांनी पिशवीत भरल्या. "चल पोलिसांकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडाने सांगते. दुकान गेलं तर गेलं."

दुकान राहिले. गोडबोल्या सापडला. तो दुसऱ्यांच्या नावांनी खोटी प्रमाणपत्रे बनवून विकत असे. फोटोतली ती न शिकलेली बाई तोवर रोग्यांना सुया टोचत होती. आमच्या नर्सचे नाव स्वच्छ व्हायला पाच महिने लागले. तोवर तिची जागा भरली गेली. आता ती दूरच्या रुग्णालयात जाते आणि तिच्या आईला दिवसभर शेजारीण पाणी देते.

परवा ती पुन्हा अर्जाचे कागद घेऊन आली. या वेळी मोबाइल पाहिला नाही. शेवटची प्रत निघेपर्यंत माझ्यासमोरून हलली नाही. एक प्रत तिरकी निघाली, ती मावशींनी निमूटपणे तिच्याच हातात दिली. तिने त्या प्रतीचे बारीक तुकडे केले. चांगल्या प्रतीवर आडवे लिहिले, 'फक्त नोकरीच्या अर्जासाठी', खाली तारीख आणि सही.

"मावशी, मशीन बदला आता."

"बदलते गं."

मला वाईट वाटले नाही. मित्रांनो, मावशींचे मन चांगले होते आणि माझे तर फक्त रूळ झिजले होते, तरी एका मुलीचे घर आमच्यामुळे विस्कटले. तेव्हा बिघडलेली प्रत मागून घ्यायला लाजू नका. कुणी हसले तर हसू द्या. काचेवर ठेवलेल्या कोणत्याही कागदाच्या मी हव्या तितक्या प्रती काढून देईन. त्या आईजवळच्या नोकरीची मात्र एकही प्रत मला काढता आली नाही.