नावाची जागा

चैत्राचं ऊन. ताम्रवर्णी, तापलेलं, थबकलेलं. माळावरचा पांगारा पेटून उभा, आणि त्याच्या पलीकडे, शाळेच्या कौलारू सभागृहात, शाहीर केरबांची शोकसभा.

खिडकीपाशी त्यांची लेक इंदुमती. मांडीवर वडिलांच्या गाण्यांची पानं. उद्या ती छापायला जायची होती.

व्यासपीठावरून समीक्षक देवस्थळी बोलत होते, एकेक शब्द अत्तरासारखा उधळत. "शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं नाव गुंफायचं, ही रीत. पण 'उन्हाची वाट' या सर्वोत्तम रचनेत केरबांनी नावाच्या जागी डफाची नुसती एक थाप ठेवली. केवढी ही निरहंकार विरक्ती!"

टाळ्या कडाडल्या. इंदुमतीनं मांडीवरचं ते पान उघडलं.

ते गाणं बाबांचं नव्हतं.

मागच्या रांगेत तुणतुणं कवटाळून शिदूकाका बसले होते. जत्रेजत्रेत, गावोगाव, बाबांच्या मागे उभं राहून सूर धरणारे झीलकरी, छायारूप, मौनरूप. गाणं त्यांनी रचलं होतं. "झीलकऱ्याचं नाव कुणी ऐकतंय व्हय?" म्हणून स्वतःचं नाव त्यांनी घालू दिलं नाही. आणि दुसऱ्याच्या गाण्यात बाबांनी आपलं घातलं नाही.

बोललं, तर वडिलांच्या कीर्तीचा कळस ढळणार. न बोललं, तर उद्या छापायला जाणाऱ्या पानावर एका जित्या माणसाचं सर्वस्व पुसलं जाणार.

ती उठली. शिदूकाकांनी ओळखलं.

"इंदे, खाली बस! गेलेल्या माणसाच्या अंगावरची शाल वढतीस व्हय गं?"

"काका, ती शाल बाबांनी कधी अंगावर घेतलीच नाही." मग ती व्यासपीठाकडे वळली. "सर, हे गाणं शिदूकाकांचं. ती जागा बाबांनी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती."

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला नाही. म्हणाले, "मग म्हणा ना, काका. नावासकट."

शिदूकाका उभे राहिले. तार थरथरली. जीर्ण, जांभळ्या ओठांतून कडव्यामागून कडवं उलगडत गेलं, उन्हाचं, धुळीचं, अनवाणी पावलांचं. आणि नावाशी येऊन गाणं अडलं. चाळीस वर्षं न उच्चारलेलं नाव ओठांवर येईना.

एक मात्रा गेली. दुसरी गेली.

तेव्हा इंदुमतीनं सूर उचलला, बाबांच्या पट्टीत, बाबांच्या ठसक्यात: "शिदू म्हणे..."

आणि बाबा गेल्यापासून तेरा दिवस कोरडा राहिलेला तिचा आवाज फुटला. त्या फुटक्या आवाजातून म्हाताऱ्याचं नाव उंबरा ओलांडून गेलं, पायरी उतरलं, आणि हळूहळू, हळूहळू, उन्हात चालू लागलं.