मोबाइलचं गाऱ्हाणं

"वरडा आनखी! होळीला बोंबलून फाका मारताना देवाचा मान ध्यानात नव्हता काय?" मथुराकाकी नवऱ्यावर, भागोजीकाकांवर, करवादली. काका नुसते तोंडाची उघडझाप करत होते. आवाज पार बसलेला. आणि इथं सहाणेवर, देवाच्या चौथऱ्यावर, पालखी सजून बसलेली. देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या गावाचं मागणं, घातल्याशिवाय ती उचलायची कशी? गाऱ्हाण्याचा मान काकांच्या घराण्याचा. तो आज जातो म्हणून काकांचे डोळे भरून आलेले.

वाडीतला धोंडू त्या मानावर टपूनच होता. "मी घालतो की! मुक्या मान्साला कसला मान?"

तेवढ्यात काकांचा पुतण्या संदेश पुढं सरला. शिमग्याला मुंबईहून येताना नुकताच निघालेला मोबाइल आणलान त्यानं, आणि गावभर मिरवत होता मेला! बोटानं काच ढकलली की फोटो सरकतो, विजेरी लागते, रेडिओ वाजतो. बघून बघून आमची बोटं शिवशिवायची.

"कालचं होळीचं गाऱ्हानं ह्यात भरलेलं हाय," संदेश म्हणाला. "काकांचाच आवाज. लावू?"

"यंत्राला मी व्हय म्हननार नाय!" धोंडू म्हणाला. "आनि येकजन जरी गप ऱ्हायला तरी गाऱ्हानं पुरं व्हत नाय!" आणि तोंड घट्ट मिटून घेतलंन.

रीत खरंच तशी, गाऱ्हाण्याच्या प्रत्येक बोलाला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच. पण लवू गुरव म्हणाला, "लाव रं, देव बगंल काय ता."

संदेशनं पालखीसमोर मोबाइल धरलान. "बा देवा म्हाराजा! तुजी लेकरं जमलीत, त्यांना सुखी ठेव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे गरजलो. अंगावर काटा आला, आयशप्पत! धोंडू तेवढा गप्प.

"जो कोनी आडवा येल, त्याला..." आणि मधेच घंटी! अख्ख्या गावात रेंज येते ती सहाणेवरच ना! संदेशनं घाबरून भलतंच काय ते दाबलंन. मुंबईहून त्याची बायको दर्शना साऱ्या गावासमोर कडाडली, "अवो, ओले काजूगर घेतल्याशिवाय दारात पाय ठेवू नका!"

"व्हय म्हाराजा!"

जन्माची सवय ती! आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? धोंडूचा!

"धोंडूनं होकार दिलान! गाऱ्हानं पुरं! उचला पालखी!" गुरव ओरडला. ढोल घुमला. हसून हसून काकांनी जमिनीवरच बसकण मारली, काकीचा पदर तोंडातून निघेना.

पण देवासमोर दिलेला शब्द मोडता येतो होय? दुसऱ्या दिवशी धोंडू संदेशच्या बायकोसाठी आपल्याच बागेतले काजूगर सोलत बसला. चिकानं बोटं काळीकुट्ट झालेली. आणि समोर उभा राहून संदेश त्याचे फोटो काढत होता.