भर उन्हाळ्यात वाजवलेला नाताळ

बॅटरीवरचा तो इवलासा तपकिरी कागद आता बोटाला चिकटला होता — बॅटरीवरून निघाला आणि बोटावर जाऊन बसला, या बोटावरून झटकला तर त्या बोटावर, जणू घरात आपल्याला तेवढी एकच जागा आहे असं त्याने ठरवूनच टाकलं होतं — आणि बॅटरी, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, टेबलावर पालथी पडून हवा खात होती. कागद काढला की तिला जरा हवा खाऊ द्यायची आणि मगच मशीनमध्ये घालायची, असं कानांच्या दवाखान्यातल्या बाईने बजावलं होतं. खा बाई, हवा खा. सुट्टी आहे. आम्हीही तेच करणार आहोत म्हणे यंदा.

मशीन कानामागे बसतं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्याने कुणी रचली त्याला या यंत्राची आधीच कुणकुण लागली असणार, असं ती दवाखान्यातल्या बाईला म्हणाली होती, आणि ती बाई मनापासून हसली होती आणि मग म्हणाली होती, "आजी, मेंदूला सवय व्हावी लागते." सवय! बशीवर चमचा ठेवला की पत्रा कोसळतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं की आग लागल्यासारखी चरचर, आणि नळ तर... नळाविषयी बोलायलाच नको. आणि संगीत? बाईने तेव्हा कागदपत्रं सारखी केली होती. "हे बोलणं ऐकण्यासाठी बनवलंय, आजी. संगीताचं जरा... वेगळं असतं." सगळं आयुष्य व्हायोलिन वाजवण्यात घालवलेल्या बाईला ही बातमी द्यायची म्हणजे कागदपत्रं सारखी करावीच लागतात.

तिने दोन्ही कानांवर मशीनं चढवली. घर एकदम अंगावर आलं. स्वयंपाकघरात लेक आणि जावई बोलत होते. काल संध्याकाळी दोघं नाताळच्या सुट्टीला आले ते सामान, लोकरी टोप्या आणि एक ठरलेला बेत घेऊन. बेत तिला कुणी सांगितला नव्हता. सांगायची गरजही नव्हती — बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर, जिथे रेकॉर्ड प्लेअर असायचा, तिथे आता हिरव्या पानांची कुंडी होती. कुंडी छान होती. तिला ती पाहताक्षणी उचलून खिडकीबाहेर ठेवावीशी वाटली.

"आई, आज संध्याकाळी सिनेमा बघू या का?" लेकीने दारातून विचारलं, मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. "खाली संवाद लिहून येतात. तुला सगळं कळेल."

"प्लेअर कुठे आहे?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपात पाहिलं.

"माळ्यावर. अगं, मुद्दाम ठेवलाय. मागच्या वर्षी तुला केवढा त्रास झाला..."

मागच्या वर्षी. म्हणजे सगळे जेवायला बसले होते आणि मागे ती रेकॉर्ड लागली होती, दरवर्षी लागते तीच, मोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या नाताळगीतांची, आणि ती मध्येच घास खाली ठेवून ओरडली होती, "रेकॉर्ड कुणी बिघडवली? व्हायोलिनं कुठे गेली सगळी?" — आणि जावयाकडे बोट रोखून, ओल्या फडक्याने पुसली असणार तुम्ही, तुम्हाला कितीदा सांगितलं... बिचारा! तोंडातला घास तोंडात तसाच. आणि लेक उठून तिच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली होती, लेकीला लहानपणी ताप आला की आई तिच्याजवळ बसायची तशी, आणि अगदी कानाशी येऊन म्हणाली होती, "आई, वाजताहेत गं. सगळी वाजताहेत."

त्या वाक्यानंतर दवाखाना, तपासण्या, काचेच्या खोलीत बसून ऐकू आलं की बटण दाबायचं, आणि कागदावर एक रेघ — डावीकडे बरी, मग घसरगुंडी. वरचे स्वर गेले. खालचे आहेत. त्या रेघेची घरच्यांनी अशी काही समजूत करून घेतली होती की आता म्हातारीपुढे संगीताचं नावही काढायचं नाही. मधुमेह्यासमोरून पेढ्यांचा डबा हलवावा तसा प्लेअर हलवला होता. मायेनेच. ते तिला कळत होतं, आणि म्हणूनच संतापाला धरायला काही सापडत नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. प्रेमाने कुंडी ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं?

भांडता येतं, तिला वाटलं. न यायला काय झालं?

"काढून दे मला."

"कशाला उगाच त्रास करून घेतेस, आई?"

"त्रास माझा आहे ना? मग राहू दे माझ्याकडे."

लेक टेबल पुसू लागली, पुसलेलंच. तेव्हा ती स्वतः स्टूल ओढत पॅसेजमध्ये गेली. मशीनने स्टुलाच्या ओढण्याची अशी काही किंकाळी केली की तिचे दात आंबले. एक पाय वर ठेवला, दुसरा ठेवणार तोच दंडाला हात लागला. जावई. "आई, तुम्ही उतरा. तुमच्या हाडांचं काही झालं तर मला घर सोडावं लागेल." तो चढला. चादरीत गुंडाळलेला प्लेअर छातीशी धरून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "ओल्या फडक्याने पुसत नाही कधी. खरंच." ती हसली. खूप दिवसांनी पोटातून हसू आलं आणि मशीनला ते कसं पोचवावं कळलं नसावं, शिट्टी वाजली.

रेकॉर्डचं पाकीट कडांना फाटलं होतं. चित्रात बर्फ, घसरगाडी, दिवे लावलेली खिडकी. ऑर्केस्ट्रातले शहाणे लोक अशा रेकॉर्डींना नाक मुरडायचे — दुकानांत वाजणारं गोडगोड, म्हणे, भाकरीपुरतं वाजवायचं आणि विसरून जायचं. तीही त्यांच्यात बसून मान डोलवायची, आणि घरी येऊन चोरून लावायची. आता चोरी कसली! मला आवडतं. मला घंट्या आवडतात, हार्प आवडतं, शेवटच्या कडव्याआधी सगळा ऑर्केस्ट्रा एक पायरी वर चढतो ते आवडतं, दर वेळी घसा दाटून येतो आणि तो दाटून यावा म्हणूनच ते तसं लिहिलंय हे ठाऊक असूनही येतो. हसायचं त्याने हसावं.

तिने सुई टेकवली.

पहिल्यांदा नुसता कचरा. मशीनमधून तुताऱ्या म्हणजे चिरकी भांडणं, घंट्या म्हणजे कुणी चाव्यांचा जुडगा डोळ्यांसमोर हलवतंय, आणि व्हायोलिनांच्या जागी एक कोरडी सळसळ. हे नाही. हे ते नव्हे. स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी आहे हे तिला न बघता कळत होतं. बघ, सांगत होते ना — असं ती म्हणणार नाही, चांगली आहे, फक्त येऊन आवाज कमी करेल. तिने दोन्ही मशीनं काढली आणि बशीत ठेवली.

शांतता नव्हती ती. तळाशी काहीतरी होतं — ढोलाचा दबका ठोका, मोठ्या व्हायोलिनांचं घुमणं, मजल्याखालच्या बिऱ्हाडात कुणी सामान हलवावं तसं. वर काहीच नाही. छप्पर उडालेलं घर. तिने कानात प्राण आणले, सगळं अंग कान केलं, आणि वर काही नव्हतंच. घरात माणूस असून हाक पोचत नाही — रडू आलं नाही, राग आला, पांढरा, स्वच्छ राग, आणि त्या रागातच डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर पडली आणि चालू झाली.

दुसरी व्हायोलिनं. ती जन्मभर दुसऱ्या व्हायोलिनांत बसली. चाल पहिल्या व्हायोलिनांची, दुसऱ्यांनी मधली जागा भरायची, ठोक्याच्या मागून, खालच्या स्वरात, चाल हवेत राहील एवढा आधार द्यायचा. आणि ही रेकॉर्ड — लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही — भर उन्हाळ्यात केलेली. नाताळला दुकानात यायची तर उन्हाळ्यातच वाजवावी लागते. खिडक्या बंद, कारण रस्ता ऐकू येतो. पंखे बंद, कारण पंखे ऐकू येतात. घसरगाडीच्या घंट्या वाजवणारा उघड्या पाठीने उभा, कंडक्टरसाहेब बनियनवर, स्वरलिपीच्या एकाच स्टँडसमोर तिच्या शेजारी बसणारे मामा — सगळ्या ऑर्केस्ट्राचेच मामा ते — मांडीवर पंचा पसरून, आणि हनुवटीखालून व्हायोलिन घामाने निसटतंय. "थंडी वाजू द्या, थंडी!" कंडक्टरसाहेब ओरडत होते. "बर्फ पडतंय बाहेर!" मामा गज खाली न घेता पुटपुटले, "माझ्या पाठीवरून तर नदी चाललीय." आणि तिला हसू आवरेना, आणि तो सगळा भाग परत वाजवावा लागला... बोटं चालली होती. तिसरं बोट, पहिलं, मोकळी तार. पान संपत आलं. आतल्या बाजूला बसणाऱ्याने पान उलटायचं, तेवढ्या मात्रा शेजाऱ्याने एकट्याने ओढायच्या — तिने उजवा हात उचलला, हवेतलं पान उलटलं, आणि परत लागली.

चाल मनात लावावी म्हणून तिने वर पाहिलं, म्हणजे मनातच वर, जिथे पहिली व्हायोलिनं असतात तिथे. तिथे कुणी नव्हतं.

ती दचकली. कान गेले, ते समजलं होतं, पण चाल... जगातल्या कुठल्याही पोराला येणारी, दुकानादुकानात वाजणारी ती चाल, ती तरी आत असायला हवी होती. तिने सुरुवात शोधली. सापडेना. सापडत होतं ते फक्त आपलं — ठोक्यामागचं, मधलं, एक-एक स्वर लांब धरून ठेवलेलं. हे मी कधीच ऐकलेलं नाही, तिला वाटलं. रेकॉर्डमध्ये मी शोधायचे स्वतःला, दर नाताळला, पाकीट मांडीवर घेऊन, आणि गर्दीत सापडायचे नाही. आता वाजवणाऱ्यांची गर्दी उठून गेली. आणि मी अजून बसलेली, एकटी, भरलेल्या सभागृहात, बिनचालीचं वाजवत.

भीती वाटली. खोटं कशाला बोला, चांगलीच वाटली. सोडून द्यावं, मशीन चढवावं, लेकीला म्हणावं लाव तुझा सिनेमा... आणि बोटं थांबली नाहीत. का थांबावं? चाल माझी होतीच कधी? ती गेली असेल तर पहिल्यांनी शोधावी. माझ्यासमोर माझा कागद आहे, त्यावर जे लिहिलंय ते मी वाजवणार, पूर्ण, शेवटच्या स्वरापर्यंत, कुणी ऐको न ऐको. चुकून एक मात्रा गाळणार नाही. उलट जोर वाढवला तिने, बोटांची टोकं लाकडावर दुखेपर्यंत.

खांद्यावर हात आला. तिने डोळे उघडले. लेक वाकून काहीतरी बोलत होती. ओठांवरून कळलं — संपली, आई. तिने प्लेअरकडे पाहिलं. तबकडी थांबली होती, सुई केव्हाच बाजूला, आणि खोलीतलं ऊन कुंडीवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. केव्हा संपली? ती तर अजून शेवटच्या गाण्यात होती, शेवटच्या कडव्याच्याही आधी. मग इतका वेळ... तिने हिशोब केला नाही. लेकीचे डोळे भरले होते. दारात जावई, हातात फडकं, कोरडं.

टेबलावरची बोटं आता खरोखर थांबली. लेकीला वाटलं झालं, ती आईला उठवायला वाकली, दंडाखाली हात घातला. पण तिने लेकीचं मनगट धरलं, घट्ट, आणि बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"थांब," ती म्हणाली. बरंच मोठ्याने म्हणाली असावी, कारण दारातला जावई दचकला. "इथे आमच्या कागदावर विश्रांती लिहिलीय. मात्रा मोजतेय मी. आमचं शेवटचं कडवं अजून यायचंय."

लेक काहीतरी विचारू पाहत होती. तिने मान हलवली, आत्ता नाही, आणि मोजत राहिली.