जास्तीची पायरी

"आली सर. आजपण आली," संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता सिंधू म्हणाली, आणि तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर खुर्ची सारून तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. प्रयोगशाळेच्या दाराजवळ काचेची भांडी पुसत बसलेल्या महादेवप्पानेही मान उंच केली. पडद्यावर एक निळी रेघ वरून खाली उतरत होती. उतरताना ती एका ठिकाणी थांबायची, हे सगळ्यांना माहीत होतं. पण गेला महिनाभर ती त्याआधी आणखी एका ठिकाणी थांबत होती. त्या थांब्याला सर आणि सिंधू 'पायरी' म्हणत. या जास्तीच्या पायरीमुळे सरांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

सोमवारी सिंधू आपल्या प्रबंधातली ही पायरी घेऊन बेंगळुरूच्या परिषदेला निघायची होती. तिथे देशभरातले जाणकार बसणार होते आणि औशाच्या एका मास्तरांची ही मुलगी त्यांच्यापुढे उभी राहून सांगणार होती, की तुम्हाला न दिसलेलं मला दिसलं. सरांनी पेढे मागवले. महादेवप्पा स्वतः जाऊन घेऊन आला, सगळ्यांना दिले, शेवटचा आपल्या तोंडात टाकला आणि कधी नव्हे तो एक प्रश्न विचारून बसला. तो विचारला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं.

"पायरी म्हंजे असतंय तरी काय ओ ताई?"

सिंधूला समजावून सांगायची भारी हौस. ती म्हणाली, सोन्याचं एक बारीक टोक सोन्याच्या पत्र्याला टेकवायचं आणि हळूहळू मागे ओढायचं. सोनं ताणत जातं, बारीक होत होत शेवटी एकाच अणूचा धागा उरतो आणि तोही तुटतो. तुटला की एवढीशी फट पडते, एखादा रेणू मावेल एवढी. पत्र्यावर आपण जे रेणू सोडलेले असतात त्यांतला एक तिथे अडकतो. त्याचा एक हात या सोन्याला, दुसरा हात त्या सोन्याला, आणि वीज त्याच्या अंगावरून पलीकडे जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण तो धरून असेतोवर रेघ थांबते. ती पायरी. दिवसाकाठी हजारदा टेकवायचं, हजारदा तोडायचं, तेव्हा कुठे खात्री पटते.

"आन् ते धरतंय कशानं?"

"गंधकानं, अप्पा. दोन्ही टोकाला गंधक असतंय. सोनं दिसलं की चिकटलंच. चांदीलाबी सोडत न्हाई ते. घरातली चांदी काळी पडती, ती त्यानंच की."

महादेवप्पाच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

महादेवप्पा या महाविद्यालयात परिचर म्हणून लागला तेव्हा लातूर जिल्हा नवा कोरा होता. उस्मानाबादेतून वेगळ्या निघालेल्या जिल्ह्याला माणसं हवी होती आणि देवणीच्या बावीस वर्षांच्या पोराला नोकरी. चौतीस वर्षांत त्याच्या हातून भांडी फुटली नाहीत असं नाही, पण फुटलेलं त्याने कधी लपवलं नव्हतं. आता निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. इकडे उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती आणि मेहुणा फोनवर सांगायचा, दाजी, इकडंच बदली मागा. जणू जिल्हा मेहुण्याच्याच अंगणात होणार होता.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दुष्काळ. नळाला महिन्याकाठी एकदा पाणी, मिरजेहून पाण्याची रेल्वे, टाक्यांपाशी पोलीस. वाफ थंड करून शुद्ध पाणी करणारं प्रयोगशाळेतलं यंत्र फेब्रुवारीतच बंद पडलं, कारण घागरभर पाणी करायला ते दहा घागरी पाणी वाया घालवी. मग हैदराबादहून पाच-पाच लिटरचे सीलबंद कॅन मागवले. त्या पाण्याने सिंधू सोन्याचे पत्रे धुवायची आणि रोज संध्याकाळी कॅनवर पेनाने खूण करून ठेवायची, पाणी कुठवर उरलं त्याची. कॅनच्या कपाटाची किल्ली एकट्या महादेवप्पाकडे असे.

घरी येणारं टँकरचं पाणी आठशे फुटांखालच्या बोअरचं. सडक्या अंड्याचा वास यायचा त्याला. महादेवप्पा पिढीजात लिंगायत. सकाळी तळहातावर लिंग घेऊन त्याला पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, ते तीर्थ घ्यायचं आणि मगच चहा. महिनाभरात त्या पाण्याने लिंगाची चांदीची डबी काळीठिक्कर पडली. बायको महानंदा एकदा म्हणाली, "देवाला असलं पाणी घालून राहिलाव व्हय? आपून पितोव ते पितोव." त्याला ते लागलं. महाशिवरात्रीच्या दिवशी त्याने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन खिशात घातली आणि कॅनमधून तेवढं पाणी आणलं. देवापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण पेनाच्या खुणेचं काय? मग टँकरचं पाणी उकळून, फडक्याने गाळून तो तेवढंच कॅनमध्ये ओतू लागला. उकळलं, गाळलं, म्हणजे शुद्धच की, असं त्याचं शास्त्र. आणि देवासाठी नेलेल्या ओंजळभर पाण्याला चोरी कोण म्हणतो?

आता पेढा घोळवत तो दिवस मोजू लागला. महाशिवरात्रीला दीड महिना झाला होता. पायरी दिसू लागून महिना. डबी काळी करणारं तेच गंधक त्याने आपल्या हाताने कॅनमध्ये ओतलं होतं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. महानंदाने विचारलं तर पोटाचं निमित्त सांगितलं. त्याला भीती वाटत होती, आणि ती एका ठिकाणची नव्हती. सरांची वाटत होती. चौतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडेल याची वाटत होती. चोरलेल्या पाण्याने दीड महिना आपण देवाला अंघोळ घातली, याची तर सगळ्यांत जास्त वाटत होती. आणि डोळ्यांसमोर सारखी सिंधू यायची, बेंगळुरूच्या सभेत टँकरचं पाणी मोठ्या अभिमानाने दाखवणारी.

रात्रभर विचार करून त्याने भित्र्या माणसाचा मार्ग काढला. शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन जुना कॅन ओतून दिला, तीनदा विसळला आणि नवा सीलबंद कॅन फोडून त्यातलं पाणी बरोबर पेनाच्या खुणेपर्यंत भरलं. सिंधूने धुवायला ठेवलेले पत्रेही पुन्हा धुतले. कोणाला कळायचं कारण नव्हतं. पायरी आपोआप जाईल, सर चार दिवस हळहळतील आणि गोष्ट मिटेल, असा त्याचा हिशोब होता.

पायरी गेली. अगदी पुसल्यासारखी गेली.

शुक्रवारी दुपारपर्यंत सिंधूने दोनशेदा पाहिलं, संध्याकाळपर्यंत आठशेदा. रेघ एकदाच थांबायची, जिथे थांबायची तिथेच. तिने टोक बदललं, तारा बदलल्या, तरी तेच. शनिवारी सकाळी सर आले, पाच मिनिटं पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दार लावून घेतलं, पण महादेवप्पा आतच होता. चौतीस वर्षं झाली की माणूस कपाटासारखा होतो, तो आत आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सर आवाज न चढवता बोलत होते, म्हणून जास्त भीती वाटत होती. ते म्हणाले, मी पाहायला असलो की पायरी येते, नसलो तरी येते, आणि सोमवार जवळ आला की जाते, हे कसं? कधी कोणते आकडे काढून टाकलेस? कोणते घातलेस? आत्ताच सांग. बेंगळुरूत कोणी विचारलं तर तुझ्याबरोबर माझंही नाव जाईल.

"मी काहीच घातलं न्हाई सर," सिंधू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तिच्या घरच्यांनीही तो ओळखला नसता. "जे आलं तेच ठेवलं."

"मग आज का येत नाही?"

सिंधू यंत्राच्या तारा पुन्हा तपासू लागली. उत्तर ज्याच्याकडे होतं तो कपाटाला टेकून उभा होता. काल तो एकटाच भीत होता. आज त्याच्या शहाणपणाने त्या पोरीला चोर ठरवलं होतं. गप्प बसलं तरी चालणार होतं, कोणी त्याला विचारतही नव्हतं. नेमकं तेच त्याला सहन होईना.

"सर," तो म्हणाला, "ती पायरी माझी हाय."

दोघांनी वळून पाहिलं. सरांना वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली असावी. मग महादेवप्पा बोलत सुटला. उलटंसुलटं, आधी डबी, मग बाटली, मग टँकर, मध्येच महानंदा.  शेवटी कालचा कॅन बदलल्याचंही त्याने सांगून टाकलं. 

"टँकरचं पाणी आहे का आत्ता?" सरांनी विचारलं.

गेटच्या टाकीत होतं. महादेवप्पा पेलाभर घेऊन आला. सिंधूने एक धुतलेला पत्रा त्यात बुडवला, निथळवला, वर आपले रेणू सोडले आणि यंत्रात बसवला. घाईत तो नीट बसला नाही, म्हणून तिला दोनदा बसवावा लागला. टोक टेकलं, मागे सरलं, तुटलं. रेघ एकदाच थांबली. पुन्हा तेच. दहादा, वीसदा, चाळीसदा तेच.

आता मात्र महादेवप्पाच्या पाचावर धारण बसली. पायरी आली नाही तर? तर हा म्हातारा पोरीला वाचवायला खोटं बोलतोय, असंच सर म्हणणार. त्याने छातीवरच्या लिंगाला सदऱ्यावरून हात लावला आणि मनात म्हणाला, देवा, माझा गुन्हा खरा ठरू दे. असं मागणं त्याने आजवर कधी मागितलं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वेळी रेघ वर थांबली. मग पन्नासाव्या वेळी. मग दर दोन-तीन वेळांनी येऊ लागली.

"आली," सिंधू म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. लबाडीचा आळ गेला म्हणून रडत होती की दीड वर्षाच्या कष्टातला मोठा शोध टँकरच्या पाण्यात गेला म्हणून, हे महादेवप्पाला कळलं नाही. बहुधा दोन्हीसाठी. सरांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, लिहून द्या. त्याने तिथेच दोन पानं लिहून सही केली आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

बेंगळुरूचं जाणं रद्द झालं. महादेवप्पाची चौकशी लागली आणि ती होईपर्यंत त्याला गेटवर बसवलं. टँकर आला की वेळ लिहायची, वसतिगृहाच्या मुलींना रांगेत उभं करायचं. तिथे ऊन फार. पण उन्हापेक्षा त्याला सिंधू गेटमधून यायची ती वेळ जड जायची. ती रोज यायची आणि त्याच्याकडे न पाहता आत जायची. तिचं काही चुकत नव्हतं. महानंदाला त्याने सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मीच म्हनले हुते की." तो म्हणाला, तू पाणी बदला म्हणालीस, चोरा म्हणाली नव्हतीस.

मे संपत आला तेव्हा एका दुपारी सिंधू त्याच्या टेबलाशी येऊन थांबली. हातात लॅपटॉप होता. महादेवप्पा उठून उभा राहिला. ती बस म्हणाली नाही, तोही बसला नाही. तिने सांगितलं की प्रबंध पुन्हा लिहायला घेतला आहे. जास्तीची पायरी का दिसली आणि ती पाण्यातून कशी आली, हेही एका प्रकरणात घालायचं सरांनी मान्य केलं आहे. दुसऱ्या कुणाची अशी फसगत होऊ नये म्हणून. प्रबंध बाहेरदेशी तपासायला जाईल. मग ती थोडी अडखळली.

"त्यात तुमचं नाव टाकायची गरज न्हाई, अप्पा. नुसतं 'एका कर्मचाऱ्याकडून' असं लिहिते."

महादेवप्पाच्या मनात पहिल्यांदा आलं ते, बरं झालं. अजून चौकशीचा निकाल यायचा होता. देवणीत, उदगीरला, मेहुण्याच्या घरी, कुठेही ही गोष्ट अजून पोचली नव्हती. नाव छापलं की कायमचं राहणार, त्याच्या माघारीसुद्धा.  टेबलाची कड त्याने घट्ट धरली.

"नगं," तो म्हणाला. "नुसतं कर्मचारी लिवलं तर लोकं म्हनतील, पोरीनं मनचं रचलं. नाव असलं म्हंजे कोनीबी यिऊन इचारू शकतंय. मला इचारू द्या. पुरं लिवा."

सिंधू पहिल्यांदा त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि विचारलं, वडिलांचं नाव? त्याने सांगितलं. आडनाव? तेही सांगितलं. गावाची गरज नव्हती, तरी त्याने देवणी सांगितलं आणि तिने तेही घातलं. लिहून झाल्यावर तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

सगळं इंग्रजीत होतं. महादेवप्पाने चष्मा लावला आणि आपलं नाव शोधून काढलं. मग अक्षराखाली बोट ठेवून तो एकेक अक्षर वाचू लागला. महादेवप्पा. सिद्रामप्पा. हुडगे. मध्ये एकदा जागा चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सिंधू उन्हात उभी राहून थांबली होती. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचल्यावर त्याने बोट उचललं.

"बराबर हाय," तो म्हणाला.