दोन बोटं लोखंड

विश्रामने टेम्पोतून शाफ्ट उतरवून वर्कशॉपच्या दारात टाकला, तेव्हा देवराम मिस्तरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खाली शाफ्टकडे पाहायचं तो टाळत होता. कल्याणच्या मुरबाड रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून वर्षभर तो याच घडीची धास्ती घेऊन होता.

ट्रॅक्टरची ताकद मागच्या मळणी यंत्राला पोचवणारा तो लोखंडी दांडा. एका टोकाचे दाते सोलून निघालेले, मधे बाक आलेला. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, खडवलीच्या खळ्यावर विश्रामच्या बायकोचं, जनाबाईचं हिरवं लुगडं याच फिरत्या शाफ्टमध्ये गुंडाळलं गेलं आणि लुगड्याबरोबर उजवा हात. ट्रॅक्टरवर विश्रामच होता. घाबरून त्याने भलताच गिअर टाकून क्लचवरचा पाय उचलला, ट्रॅक्टर उसळून पुढे गेला, शाफ्ट वाकला आणि मगच इंजिन बंद पडलं. हात खांद्याखालून काढावा लागला.

"होईल ना रे नीट?" विश्रामने विचारलं. "औंदा भात बरा हाय. वरीसभर ट्रॅक्टर नुसता उभा. आता जनीच बोलली, चालू करा म्हणून."

"होईल की. वहिनी कशा आहेत?"

"हाय आपली. डाव्या हातानं चूल सांभाळते. उठता बसता देवाच्या पाया पडते. मान चुकला ना तिच्या हातनं."

हे मानाचं प्रकरण देवरामला ठाऊक होतं. दसऱ्याला नांगर-कोयत्याची पूजा व्हायची, तशी ट्रॅक्टर आल्यापासून ट्रॅक्टरचीही व्हायला लागली. हळदकुंकू, नारळ, आणि चाकावर कोंबड्याच्या रक्ताचा टिळा. त्या दसऱ्याला घरात एकच कोंबडा होता, जनाबाईने पिल्लापासून वाढवलेला. ती म्हणाली, नारळ पुरे झाला, लोखंड काय मटण खातं? पुढच्याच महिन्यात हा प्रकार घडला. झालं! गावाला निमित्तच हवं होतं. कोंबडा दिला नाही, म्हणून यंत्राने आपला मान आपल्या हाताने घेतला, असं सगळे बोलू लागले. बोलणाऱ्यांच्या बापाचं काय जातंय? सगळं खापर त्या बाईच्या डोक्यावर फुटलं, आणि ते तिने मुकाट्याने फोडून घेतलं.

देवरामने हे सगळं ऐकलं होतं आणि वर्षभर मूग गिळून बसला होता.

खरं काय ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अपघाताच्या आधी, नवरात्रात, हाच शाफ्ट त्याच्याकडे आला होता. सांध्यातली खीळ तुटली होती. त्या मापाची खीळ मिळेना, म्हणून त्याने बोल्ट घातला. बोल्ट लांब होता, नट आवळल्यावर दोन बोटं बाहेर राहिला. त्यामुळे शाफ्टवरची झाकणाची नळीही बसेना. नळी त्याने काढूनच टाकली, कारण तालुक्यात ती लावतो कोण? पण बोल्टचं टोक कापायलाच हवं होतं. गुळगुळीत शाफ्टवरून कापड एखाद्या वेळी सरकेल, टोक मात्र धरलं की सोडत नाही, हे तो स्वतःच दहा जणांना शिकवत आला होता. त्याने करवत हातात घेतलीसुद्धा होती. तेवढ्यात बायको सुमती नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जायचं ठरलं होतं. "अहो, चला ना, रांग वाढेल," ती म्हणाली. त्याने करवत खाली ठेवली. उद्या कापू म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधीच विश्राम येऊन, शेजाऱ्याकडच्या किल्लीने शेड उघडवून शाफ्ट घेऊन गेला.

विश्राम टेम्पो घेऊन गेल्यावर देवराम उकिडवा बसला. बोल्ट तिथेच होता. त्याच्या आट्यांमध्ये ग्रीसने काळा झालेला धाग्यांचा गुंता होता, आणि तो चिमटीने ओढल्यावर आतला हिरवा रंग दिसला. देवरामला भडभडून आलं. चाळीस वर्षांचा बाप्या, नटबोल्टच्या डब्यावर बसून रडला आणि फडक्याने तोंड पुसताना सगळ्या तोंडाला काळं लावून घेतलं.

तीन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. झिजलेलं टोक कापून दुसऱ्या जुन्या शाफ्टचं दात्यांचं टोक जोडलं. बाक काढला, लेथवर चढवून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. वेल्डिंगचा फुगवटा बोटाला लागेनासा होईपर्यंत घासला. पत्र्याचं नवं झाकण केलं. शेवटी बोल्टचं टोक कापलं आणि तो तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला.

"तुम्ही त्यांना सांगणार?" सुमतीने विचारलं. तिला त्याने आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. "सांगून हात परत येणार आहे का तिचा? उगाच आ बैल मुझे मार कशाला?"

"ती बाई फुकट दोष घेऊन बसलीय गं."

"आणि तुम्हाला मोकळं व्हायचंय," सुमती म्हणाली. ते खोटं नव्हतं, म्हणून देवरामला जास्तच लागलं.

देवराम खडवलीला पोचला तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकाला दोन कोंबडे पायांनी बांधलेले होते. औंदा एकाच्या जागी दोन. त्याने शाफ्ट चढवला, झाकण बसवलं, इंजिन चालू करून पाहिलं. दांडा न थरथरता फिरत होता. विश्राम खूश होऊन भारे आणायला खाचरात गेला. देवरामने इंजिन बंद केलं तेव्हा कुठे जनाबाई चहा घेऊन पुढे आली. चालत्या यंत्राच्या जवळ ती येत नसे.

"घ्या मिस्तरी. लई मन लावून काम केलंत, हे सांगत व्हते."

देवरामने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. "वहिनी, त्या कोंबड्यांना सोडा. कोंबड्याचा काही संबंध नव्हता. माझी चूक होती."

तिला कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. बोल्ट, करवत, देवीची रांग, काही लपवलं नाही. बोलता बोलता खिशातला तुकडा काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.

जनाबाईने तो तुकडा अंगठ्याने फिरवून पाहिला. तिला राग येईल, ती शिव्या देईल, विश्रामला हाक मारील, असं त्याला वाटत होतं. मनातून त्याला तेच हवं होतं.

"एवढाच?" ती म्हणाली.

"हो."

"कापायला किती वेळ लागतो?"

खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. तास लागतो, अर्धा दिवस लागतो, काहीही.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "तेवढीही नाही."

ती हळूच खाली बसली. उरलेल्या हाताची मूठ तिने घट्ट मिटली होती.

"वरीस झालं मिस्तरी, मी रोज पाया पडते. माझा मान चुकला, मला माफ कर, असं बोलते. मला वाटायचं, देवानं मागितला म्हणून हात गेला. मोठं कायतरी व्हतं, म्हणून गेला. कवातरी माफ करील, असं वाटायचं." तिचा आवाज चढला नाही. "आता तुम्ही सांगता, कोणीच मागितला नव्हता. उगाच गेला. मंग आता मी कोणाच्या पाया पडू?"

खाचराकडून विश्राम पहिला भारा डोक्यावर घेऊन येत होता आणि ट्रॅक्टर चालू कर म्हणून देवरामला लांबूनच ओरडत होता.