दाराजवळची फरशी

मिस्त्रीने भिंतीलगतचं बाकडं सरकवलं आणि त्याखालचा बुटांचा जोड दोन बोटांत धरून वर केला.

"हे कुणाचे? टाकायचे ना?"

"इकडे आण," थोरली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"मावशी, तळवे बघा यांचे. काचेसारखे झालेत नुसते. हे घालून या डोंगरात फिरणारा माणूस कधीतरी हाडं मोडून घेणार."

पडद्यांच्या घड्या घालणाऱ्या धाकट्या जावेचे हात थांबले. तिचा नवरा खिडकीशी उभा होता, तो काहीतरी हरवल्यासारखे खिसे चाचपू लागला. मिस्त्री खालच्या शहरातून कालच वर आला होता. त्याला घरातलं काय ठाऊक असणार? थोरलीने पुढे होऊन बूट घेतले, शालीच्या टोकाने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि ती आत निघून गेली.

बूट तिच्या नवऱ्याचे होते. तो गेल्यावर त्याचे कपडे तिने देऊन टाकले, चष्मा पेटीत ठेवला. बूट मात्र पुढच्या खोलीतच, सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर राहू दिले. ते दिराला रोज दिसावेत, एवढीच इच्छा होती. पण माणसाला कशाचीही सवय होते. दीर त्याच बाकड्यावर बसून स्वतःचे बूट घालायचा, काढायचा, आणि नजर बाकड्याखाली जाऊ द्यायचा नाही.

घर दोघा भावांचं. एका अंगाला थोरल्याची खोली आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला आणि माडीवर धाकट्याचा संसार, आणि मध्ये ही मोठी पुढची खोली, दोघांचीही. थोरली लग्न होऊन आली तेव्हा इथे दगडी लाद्या होत्या. अशा खडबडीत की झाडू अडकायचा, गुडघे टेकून घासायला बसलं की कातडी सोलवटायची. ती कुरकुरली की सासू म्हणायची, "शिव्या देऊ नकोस त्यांना. बर्फाच्या दिवसांत त्याच धरून ठेवतात." पुढे कारभार दिराच्या हाती आला. त्याने लाद्या उखडून पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी घातली. स्वतः निवडून आणलेली. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, "जरा वाका, तोंड दिसेल तुमचं."

तोंड दिसायचंच. पण हिवाळ्यात बुटांना चिकटून आलेला बर्फ दाराशी वितळायचा, फटीतून येणाऱ्या वाऱ्याने ते पाणी पुन्हा गोठायचं, आणि पांढऱ्या फरशीवर ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. थोरली तिथे गोणपाट अंथरायची. दीर ते गुंडाळून कोपऱ्यात टाकायचा.

"एवढ्या देखण्या फरशीवर गोणपाट? वहिनी, कमाल करता तुम्ही."

एका संध्याकाळी तिचा नवरा लाकडांचा भारा घेऊन आत आला आणि दारातच आडवा झाला. खुब्याचं हाड मोडलं. अंथरूण धरलं ते धरलंच. बर्फ उतरायच्या आत तो गेला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दीर उशाशी बसून सांगायचा, "बुटांचे तळवे पार झिजले होते. किती वेळा म्हटलं, दादा, बूट बदल." ऐकणारे मान हलवायचे. अंथरुणातला माणूसही हलवायचा. त्याला जन्मभर कुणाशी भांडायचं नव्हतं, तेव्हा तर अंगात बळही नव्हतं. मग घरात तेच रूढ झालं. बूट झिजले होते. लहानथोर सगळे तेच म्हणत, जणू तो माणूस स्वतःच्या आळसाने गेला.

आता दिराला घरात प्रवासी उतरवायचे होते, बर्फ बघायला येणारे. आणि त्यांच्यापैकी कुणी पडून चालणार नव्हतं.

वरून नवा खरबरीत थर द्यायचा म्हणून मिस्त्रीने दिवसभर यंत्र फिरवून त्या फरशीची चकाकी घासून काढली. घरभर पांढरी भुकटी उडत होती. थोरली डाळीच्या डब्यांवर फडकी टाकत राहिली. तिसऱ्या प्रहरी धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, शेगडीची ती पलीकडची झडप उघडता येईल का? दोन-तीन दिवसच. मिस्त्री म्हणतो, खोली गार राहिली तर हे लिंपण घट्ट व्हायचं नाही."

"तुमच्याकडे हीटर आहेत की."

"दोन एकदम लावले की फ्यूज उडतो."

"भाऊजींना तोंड नाही का विचारायला?"

"तुम्ही काही बोलाल म्हणून मला पुढे केलं," धाकटी म्हणाली आणि ओशाळून हसली.

शेगडी भिंतीतच बसवलेली होती. लाकडं स्वयंपाकघरातून घालायची. पलीकडे, पुढच्या खोलीत, तिची ऊब सोडणारी लोखंडी झडप होती आणि तिचा दांडा अलीकडे, थोरलीच्या हाताशी. दिवसकार्य आटोपल्यावर तिने तो दांडा खाली ओढला होता, तो पुन्हा वर केला नव्हता.

धाकटीच्या मागून मिस्त्रीने डोकं आत घातलं. "मावशी, उपकार करा. हा लिंपणाचा रस, इपॉक्सी, म्हणजे हट्टी जावई. ऊब मिळाली नाही तर रुसतो. चिकट राहतो, वर पांढरी साय धरतो. मग सगळं खरवडून फेकावं लागतं."

"आणि त्यात ते रंगीत दाणे कसले घालणार तू?"

"क्वार्ट्झ. आपली गारगोटी हो, बारीक करून रंगवलेली. त्यानेच तर पायाला पकड येते."

"म्हणजे पाणी सांडलं तरी?"

"पाणी ओता आणि फुगडी घाला."

थोरलीने चिमटा दांड्यात अडकवला. गंज धरला होता. दोनदा जोर लावावा लागला. झडप किरकिरत उघडली. पलीकडचा उजेड राखेवर पडला आणि त्याच्याबरोबर पलीकडची बोलणी, पावलं, धाकटीच्या बांगड्यासुद्धा स्वयंपाकघरात आल्या. इतकं सगळं ऐकू येत असे हे ती विसरून गेली होती. पूर्वी ती इथे भाकऱ्या भाजायची आणि तिचा नवरा पलीकडे बाकड्यावर बसून तिला खिजवायचा, "जळाली, जळाली!" ती ओरडायची, "या मग थापायला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डब्यांतला रस एकात कालवून मिस्त्रीने तो फरशीवर ओतला. झडपेच्या चौकोनातून थोरलीला त्याचे फक्त पाय दिसत होते. तळव्यांना लांब खिळे असलेल्या खडावा बांधून तो त्या ओल्या थरावरून चालत होता आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी मुठीमुठीने गारगोटी उधळत होता. दीर आणि धाकटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे असावेत. आवाज तिथून येत होते.

"साहेब, जाड दाण्याचं एक पोतं वेगळं ठेवलंय," मिस्त्री म्हणाला. "ते सगळीकडे टाकलं तर अनवाणी पायांना टोचेल. सगळ्यात जास्त घसरतं कुठे, तेवढं दाखवा."

"तिथे," दीर म्हणाला. त्याला आठवावंही लागलं नाही. "उंबऱ्यापासून बाकड्याच्या कोपऱ्यापर्यंत. पाणी तिथेच साचतं आणि गोठतं. भल्याभल्यांचे पाय जातात तिथे. मी स्वतः कितीदा आपटलोय, हिला विचारा."

"अहो, मी नाही का पडले?" धाकटी हसत म्हणाली. "आणि पायात कोरे करकरीत बूट! दुकानातून आणले त्याच दिवशी."

मिस्त्रीही हसला. मग हसणं एकाएकी थांबलं. दिराचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"ती झडप उघडी आहे का गं?"

धाकटीचं उत्तर ऐकू आलं नाही. दाणे पडल्याची सरसर तेवढी येत राहिली, दाराजवळ, दाट.

थोरली लाकडाचा ओंडका मांडीवर घेऊन शेगडीपुढे बसली होती. आतले निखारे वरून राखाडी होऊ लागले होते. तिने काही केलं नसतं, नुसतं बसून राहिली असती, तरी पुरे होतं. म्हातारीचा डोळा लागला, शेगडी विझली. कोण काय बोलणार होतं? चिकट, पांढरी साय धरलेली फरशी. प्रवासी दारातून परत. दिराचं ते तोंड.

पण तिचे कान दाराकडे होते. तो येईल असं तिला वाटत होतं. मागच्या अंगणातून वळसा घालून येईल, दारात उभा राहील. फार बोलायची गरज नव्हती. वहिनी, बूट नव्हते हो ते, एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. तेही नाही जमलं, तर नुसता खाली मान घालून उभा राहिला असता. ती उठून त्याला पाट देणार होती.

मागचं दार वाजलं. धाकटी होती. तिने चहाचा पेला ओट्यावर ठेवला आणि ती आली तशी गेली.

चहावर साय धरली. निखाऱ्यांत एकच लाल ठिपका उरला तेव्हा थोरलीने वाकून त्यावर फुंकर घातली, ढलप्या रचल्या आणि मांडीवरचा ओंडका आत सरकवला. मग तिने शेगडी विझू दिली नाही. एकीकडे तेलाची वाटी घेऊन ती नवऱ्याचे बूट चोळत बसली. वरचं चामडं मऊ झालं. तळव्यांना तिने हात लावला नाही.

मिस्त्रीने जास्तीचे दाणे झाडून काढले, वरून शेवटचा पारदर्शक हात दिला आणि फरशी वाळू दिली. ती झकास झाली. राखाडी, मधूनच निळसर आणि तांबूस ठिपके, दगडाची आठवण करून देणारी. बाकडं पुन्हा भिंतीला लागलं. दीर खुशीत होता. त्याने बादलीभर पाणी आणून दाराशी ओतलं आणि त्यावरून ऐटीत फेऱ्या मारल्या.

"मिस्त्री, मानलं बुवा तुम्हाला! आता कुणी पडून दाखवावं इथे. पाहुण्यांनी लंगडी घातली तरी हरकत नाही."

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. पायांत तिच्या मापाला मोठे, तेलाने काळेभोर झालेले बूट होते. नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधल्या होत्या. मिस्त्रीने ते ओळखले.

"मावशी, सांभाळून! त्या बुटांनी..."

"बघू या की तुझं काम."

ती भिंतीला हात न लावता चालत गेली. उंबऱ्यापाशी गेली, ओतलेल्या पाण्यात उभी राहिली, वळली आणि तेवढंच अंतर परत आली. मग पुन्हा गेली. काचेसारखे तळवे दाण्यांवर खरखर वाजत होते. पाय कुठेही सरकला नाही.

"बघितलंत ना वहिनी," दीर म्हणाला, पण आवाजातली ऐट गेली होती. "कशी घट्ट पकड आहे."

"हो ना," थोरली म्हणाली. "बूट तेच आहेत, भाऊजी."

मिस्त्रीने एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो आपले डबे आवरू लागला. धाकटी जिन्याचा कठडा धरून उभी होती. दिराचे डोळे खाली गेले, बुटांवर, आणि या वेळी त्याला नजर लगेच काढून घेता आली नाही.

थोरलीने वाकून नाड्या सोडल्या. बूट उंबऱ्यापासून बाकड्याच्या कोपऱ्यापर्यंतच्या त्या जागेवर, पाण्यातच, शेजारी शेजारी ठेवले. मोज्यांच्या पायांनी ती आत गेली. मोजे भिजले होते. फरशीवर तिची ओली पावलं उमटली आणि दाण्यांत मुरून गेली.

दार लागलं. थोड्या वेळाने भिंतीतला लोखंडी दांडा किरकिरला, आणि झडप बंद झाली.