चौदा नंबरच्या लॉकरपाशी लिहिलेला राजीनामा

मी एक जुना लोखंडी लॉकर आहे, मित्रांनो. रुग्णालयातल्या सिस्टर जिथे कपडे बदलतात त्या खोलीत, खिडकीपासून चौथा. नंबर चौदा. माझं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, आणि आता मला त्याची लाजही वाटत नाही.

कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं, हिरवा रंग दिला. पहिल्या सिस्टरने मला अकरा वर्षं वापरलं, दर रविवारी ओल्या फडक्याने पुसलं. ती निवृत्त झाली आणि माझी धर्मशाळा झाली. पाच वर्षांत नऊ मुली आल्या. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, बुटांना अजून दुकानाचा वास. पंधरा दिवस काम दाखवायचं आणि मग बारा खाटा एकटीच्या गळ्यात मारायच्या, अशी वॉर्डाची रीत होती. मुली माझ्या आत टांगलेल्या एप्रनमध्ये तोंड खुपसून रडायच्या आणि एक दिवस किल्ली परत करायच्या. प्रत्येक वेळी मला वाईट वाटायचं. पुढेपुढे त्याचाही कंटाळा आला.

दहावी मुलगी आली तेव्हा नियम बदलला होता. नव्या मुलीने वर्षभर एका जुन्या सिस्टरच्या सोबतीनेच काम करायचं. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

पाचव्या महिन्यात मुलीकडून चूक झाली. सात नंबरच्या आजोबांचं ऑपरेशन होतं, त्यांना उपाशी ठेवायचं होतं. ते भुकेने काकुळतीला आले आणि हिने त्यांना दोन बिस्किटं दिली. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. डॉक्टर बोलले, आजोबांची लेकही बोलली. मुलीने माझ्याच दारावर कागद टेकवून राजीनामा लिहिला.

तिच्या सोबतीची सिस्टर आली. सुजलेले पाय बाकावर पसरून तिने कागद वाचला.

"मी पहिल्या वर्षी एका बाईंना असाच चहा दिला होता," ती म्हणाली. "सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून गप्प बसले. त्या वाचल्या ते त्यांच्या नशिबाने. तू लगेच मला येऊन सांगितलंस, म्हणून आजोबा धड आहेत."

"मग मी आता काय करू?"

"उद्या सकाळी सातला ये. उपाशी पेशंटच्या उशाशी पाटी लावायची राहते, ते दोघी बघू. कागद द्यायचाच असेल तर दुपारी दे."

मुलीने कागद एप्रनच्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दोघींना दम खायला फुरसत मिळाली नाही, आणि एप्रन तसाच धुलाईला गेला. परत आला तेव्हा खिशात कागदाचा लगदा होता. तिने तो नखाने खरवडून काढला. दुसरा कागद काही लिहिला नाही.

याला तीन वर्षं झाली. परवा कुणीसं म्हणत होतं, ही वर्षभराची सोबत फार लांबते, तीन महिन्यांवर आणावी. त्या मुलीची चूक पाचव्या महिन्यातली होती, मित्रांनो. नव्या माणसाला एवढ्या लवकर एकटं सोडू नका. मी नऊ जणींचं रडणं ऐकलं, पण एकीलाही 'उद्या ये' म्हणू शकलो नाही. तुम्हाला तर बोलता येतं.